तोळाभर शिसे

"मामा, काडतूस कोणतं घेऊ?"

जून महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे घेऊन बसलो असताना आमच्या भाच्याने स्कॉटलंडहून फोनवर हा प्रश्न टाकला. या भाच्याने आजवर मला पुष्कळ प्रश्न विचारले आहेत. शाळेत असताना उपमा आणि उत्प्रेक्षा यांतला फरक विचारला होता, लग्न ठरल्यावर पत्रिकेचा मजकूर विचारला होता, आणि मुलगी झाली तेव्हा साहेबाला उच्चारता येईल आणि आजीलाही रुचेल असे नाव विचारले होते. प्रत्येक वेळी मी अधिकारवाणीने उत्तर दिले. पण काडतूस! ज्या गृहस्थाने उभ्या जन्मात लवंगी माळेच्या पुढे मजल मारली नाही, आणि तीही लांब काठीला उदबत्ती बांधून पेटवली, त्याने काडतुसाचा सल्ला द्यायचा!

"अरे, हे मला काय विचारतोस?"

"तुम्ही तिथे होतात म्हणून," तो म्हणाला.

यावर मला बोलता आले नाही. कारण मी खरोखरच तिथे होतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो होतो. स्वारी तिकडच्या डोंगराळ मुलखातल्या एका इस्पितळात भूलतज्ज्ञ आहे. पुण्यात असताना याने झुरळ मारायलाही आईला हाक मारली. तिकडे गेल्यावर मात्र सोबतच्या डॉक्टरांच्या नादाने तो हरणांच्या मागे लागला. रीतसर परीक्षा दिली, पोलिसांचा परवाना काढला, भिंतीत पोलादी कपाट ठोकून घेतले आणि एक बंदूक आणून त्यात ठेवली. ही बातमी जेव्हा आमच्या ताईला कळली तेव्हा तिने तीन दिवस मुलाशी अबोला धरला. चौथ्या दिवशी मला फोन करून म्हणाली, "एवढं शिकवलं ते हरणं मारायला का रे?" मी तरी काय सांगणार? शाकुंतल शिकवताना राजाला आडव्या येणाऱ्या त्या तपस्व्याची बाजू मी दरवर्षी वर्गात हिरिरीने मांडत आलो आहे. आणि इथे राजा आमच्याच घरात निघाला.

भाच्याचे म्हणणे असे, की मामा, आश्रमात हरणे चार असतात, इथे ती डोंगर खाऊन बसली आहेत. स्कॉटलंडमधून लांडगा केव्हाच नाहीसा झाला, लिंक्स नावाचे रानमांजर त्याच्याही आधी गेले. हरणाला खाणारे कोणी उरलेच नाही. सगळ्या जातींची मिळून हरणे दहा लाखांच्या घरात गेली असावीत असा तिथला अंदाज आहे. जमिनीतून वर येणारे प्रत्येक रोपटे ती खुडतात. त्यामुळे जुनी पाइनची झाडे उभी आहेत पण त्यांना पोरे नाहीत. कडक हिवाळ्यात पोटाला मिळेनासे झाले की हरणे झुरून मरतात, ते वेगळेच. नर मारायला पूर्वी वर्षातले ठरावीक महिनेच मोकळे असत, तेही बंधन तिथल्या सरकारने २०२३ साली काढून टाकले. हे ऐकून माझे समाधान झाले असे नाही, पण तपस्व्याचा आवाज थोडा खाली आला एवढे कबूल करतो.

आता काडतुसाकडे येतो. त्या पंधरवड्यात भाच्याच्या टेबलावर या विषयाची पुस्तके पडलेली असत, आणि छापील कागद दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही हे आमच्या धंद्याचे व्यसन आहे. वाचता वाचता मला पहिला धक्का बसला तो नावांचा. काडतुसाचे नाव म्हणजे गोळीचा व्यास, इंचाच्या हजाराव्या भागात, असे समजून मी चाललो होतो. .२४३ची गोळी .२४३ इंचाची, .३०८ची .३०८ इंचाची, इथवर ठीक. पण .२७० नावाच्या काडतुसाची गोळी .२७७ इंचाची असते. जिम कॉर्बेटला चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जी बंदूक भेट मिळाली तिचे नाव .२७५ रिग्बी, आणि तिच्या गोळीचा व्यास .२८४! अमेरिकेतले एक प्रसिद्ध काडतूस थर्टी-ऑट-सिक्स, म्हणजे .३०-०६. यातले सहा म्हणजे काय याचा मी तासभर विचार केला. ते निघाले साल, १९०६. लक्षणेचा एवढा स्वैर वापर आमच्या नवकवींनीही केलेला नाही.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि तिने मात्र मला घरी आल्यासारखे वाटले. गोळीचे वजन साहेब 'ग्रेन'मध्ये मोजतो. ग्रेन म्हणजे धान्याचा, मुळात जवाचा दाणा. सात हजार ग्रेनांचा एक पौंड. हे वाचले आणि मला आमच्या आजीचा सोनार आठवला. त्याच्या काचेच्या पेटीतल्या तराजूत लालचुटुक गुंजा असत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. इंग्रजांनी हिंदुस्थानात तोळा कायम केला तो बरोबर १८० ग्रेनांचा. म्हणजे पंधरा ग्रेनांचा एक मासा. भाच्याने तेव्हा जी बंदूक घेतली होती ती .३०-०६ होती आणि तिच्यासाठी त्याने आणलेल्या गोळ्या होत्या १८० ग्रेनांच्या. मी कागदावर हिशेब मांडला आणि त्याला म्हणालो, "अरे, तू तर अगदी तोळ्याच्या भावाने मारतो आहेस."

"मुद्दामच जड घेतली," तो म्हणाला. "जनावराला त्रास नको. एका गोळीत संपलं पाहिजे. जेवढी मोठी गोळी, तेवढी खात्री."

मलाही ते पटले. सामान्य माणसाला ते पटतेच. पुढचा सारा घोळ या पटण्यातून झाला, म्हणून कायद्याचे दोन शब्द आधी सांगून ठेवतो.

हरिणावर कोणतीही बंदूक चालवून भागत नाही. इंग्लंडमध्ये मोठ्या हरणांसाठी गोळी निदान .२४० इंच व्यासाची हवी आणि नळीच्या तोंडाशी तिच्यात १७०० फूट-पौंड जोर हवा. स्कॉटलंडचा कायदा व्यास विचारीतच नाही. तो वजन, वेग आणि जोर विचारतो. वेग सेकंदाला २४५० फूट आणि जोर १७५० फूट-पौंड. वजन पूर्वी निदान १०० ग्रेन लागे, ते २०२३ साली ८० वर आणले, त्याचे कारण पुढे येईल. रो नावाच्या लहान हरणाला दोन्हीकडे निराळा नियम, त्यामुळे स्कॉटलंडात रो मारायला चालणारी एखादी लहान बंदूक सीमा ओलांडून इंग्लंडात नेली की तिथल्या रोवर चालत नाही. सतराशे पन्नास फूट-पौंड म्हणजे किती, हे सौ.ला समजावताना मी सांगितले, की आठशे किलोंच्या आसपासचे ओझे एक फूट वर उचलण्याइतका जोर. ती म्हणाली, "बापरे, एवढा हरणाला?" मी म्हणालो, "हा कमीत कमी." भाच्याचे काडतूस २९०० च्या आसपास जात होते.

गोळी मात्र दोन्हीकडे फुलणारीच लागते. टोकाशी मऊ किंवा पोकळ, आत शिरताच छत्रीसारखी उघडणारी. लष्कराची संपूर्ण कवचाची गोळी हरणावर चालवणे गुन्हा आहे, कारण ती एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघून जाते आणि जनावर लहानशी जखम घेऊन मैलभर पळते. यातली गंमत, गंमत म्हणायची तर, अशी की या फुलणाऱ्या गोळीला जगभर जे नाव पडले ते आपल्या कलकत्त्याजवळच्या दमदमचे. तिथल्या कारखान्यात १८९०च्या दशकात सैन्यासाठी अशा गोळ्या तयार झाल्या. त्यांची एवढी ओरड झाली की १८९९ साली हेग येथे राष्ट्रांनी युद्धात त्या वापरायच्या नाहीत असे ठरवले. माणसाला मारताना जी क्रूर, तीच हरणाला मारताना दयेची. मी हे वाक्य भाच्याला वाचून दाखवले तेव्हा तो म्हणाला, "युद्धात जखमी करून भागतं, मामा. इथे भागत नाही."

आणि मग तो दिवस आला.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. माद्या मारण्याचा मोसम सुरू झालेला. सोबत त्या डोंगराचा राखणदार होता. तिकडे त्याला स्टॉकर म्हणतात. साठीचा, कमी बोलणारा, चेहरा वाऱ्याने रापलेला. निघण्यापूर्वी त्याने भाच्याला एका फळीवर तीन गोळ्या झाडायला लावल्या. पाहुणा कितीही मोठा असो, हा रिवाज चुकत नाही. शंभर मीटरवरच्या चार इंची वर्तुळात, म्हणजे आपल्या लहानशा पुरीएवढ्या गोलात, तिन्ही बसल्या. तिसरी जरा काठाला. राखणदार त्या भोकाकडे क्षणभर जास्त बघत राहिला असे मला वाटले, पण काही बोलला नाही.

मग तीन तास चालणे, आणि शेवटचा तास सरपटणे. वारा तोंडावर घेत, कारण वास गेला की कळप गेला. वयाच्या पंचेचाळिशीत पोटावर सरपटण्याचा अनुभव कोणी घेतला नसेल तर घेऊ नये. जमीन तिथे स्पंजासारखी पाणी धरून असते, आणि वरून हेदरची खुरटी झुडपे गालाला ओरबाडतात. अखेर एका उंचवट्यामागे राखणदाराने हात केला. खाली सात-आठ माद्या चरत होत्या. आपल्या काश्मीरच्या हंगुलच्या जवळच्या नात्यातली ही तांबडी हरणे. प्रत्येकी ऐंशी-नव्वद किलोंची, अंग ओले, श्वासाची वाफ दिसत होती. त्याने दुर्बिणीतून बराच वेळ पाहून डावीकडची एक निवडली. पिल्लू नसलेली. अशा मादीला तिकडे 'येल्ड' म्हणतात. मला एकदम आपला 'भाकड' शब्द आठवला आणि इतक्या दूर, चिखलात पडल्या पडल्या, कारण नसताना वाईट वाटले.

अंतर सव्वाशे मीटर. ती आडवी उभी राहिली. भाच्याने नेम धरला, श्वास सोडला, आणि आवाज झाला.

गोळी लागल्याचा आवाज निराळा येतो, ओली गोणी जमिनीवर आपटावी तसा. मादी पडली नाही. तिने पाठीची कमान केली, चार पावले टाकली आणि टेकाडाआड दिसेनाशी झाली. राखणदाराने भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबले. पोटात लागली होती. फासळ्यांमागे वीतभर, म्हणजे काळीज आणि फुप्फुसे सोडून. अशा वेळी मागे धावायचे नसते. धावले की ती उठते आणि डोंगर चढून जाते, मग रात्रभर सापडत नाही. तिला बसू द्यायचे असते. आम्ही तिथे पडून राहिलो. पाऊस लागला. कोणी बोलले नाही. मग राखणदार आपली बंदूक घेऊन एकटा लांबून वळसा घालून गेला, आणि पुष्कळ वेळाने एक बारीक, कोरडा आवाज आला.

उतरताना भाच्याने घड्याळ पाहिले. "चाळीस मिनिटं," तो म्हणाला. थोडे चालून गेल्यावर पुन्हा म्हणाला, "माझ्या टेबलावर कुणाला चाळीस सेकंद जरी कळलं ना, मामा, तर मी रात्री झोपत नाही."

राखणदाराची बंदूक मी परतताना नीट पाहिली. नळीचा रंग उडालेला, दस्त्याला जागोजागी खरचटलेले. काडतूस .२४३, गोळी १०० ग्रेनांची. साडेसहा माशांच्या वर थोडी. कायद्याच्या किमान रेषेच्या जरा वर, एवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी आला. मागच्या मोकळ्या माळावर भाच्याला पुन्हा फळीसमोर झोपवले आणि बंदूक दर वेळी स्वतः भरून त्याच्या हातात देऊ लागला. पहिली झाडली, बरोबर बसली. दुसरी झाडताना चाप ओढला आणि नुसती 'टक्' झाली. त्याने पुंगळी रिकामीच घातली होती. पण नळी मात्र चांगली चार बोटे खाली डावीकडे गेली, डोळे गच्च मिटले आणि खांदा पुढे आला. बार झालाच नव्हता, तरी गडी धक्का घेऊन मोकळा! मला हसू आले, आणि लगेच आदल्या दिवशीची ती वीतभर जागा आठवून ते गेले.

मोठे काडतूस जितका धक्का पुढे देते तितकाच मागे देते. .३०-०६चा दणका .२४३च्या जवळजवळ दुप्पट बसतो. शरीर तो दोन-चारदा सोसते, मग मनाला न विचारता आधीच आकसू लागते. फळीवर हे लपून जाते, डोंगरात थंडीने हात गारठलेले असताना, धाप लागलेली असताना लपत नाही. राखणदार इतकेच म्हणाला, की पोटात लागल्यावर गोळी केवढी होती हे हरणीला समजत नाही. मग चहा घेऊन निघून गेला. कॉर्बेटच्या बंदुकीतले तेच काडतूस घेऊन बेल नावाच्या शिकाऱ्याने आफ्रिकेत हत्ती मारले, हे मी पुस्तकात वाचले होते. ते सांगायला मी तोंड उघडले होते, पण भाच्याचा चेहरा पाहून मिटले.

त्याने तेवढ्यावर बंदूक कपाटात ठेवली ती सहा महिने काढली नाही. आणि जूनमध्ये हा फोन.

"सोडूनच का देत नाहीस?" मी विचारले. ताईच्या वतीने विचारले असे म्हणा.

"त्या दिवसाचा विचार करून सोडून देणार होतो," तो म्हणाला. "पण हरणं काही कमी होत नाहीत. मी नाही गेलो तर दुसरा कोणीतरी जाईल. तो डोळे मिटतो की नाही, मला काय माहीत? मी निदान शिकलोय."

मग त्याने यादी वाचली. .३०८ कुठल्याही दुकानात मिळते, पण दणका .३०-०६च्या जवळपासच. .२४३ सर्वांत हलके, तरी त्याची एक अडचण. डब्यावर छापलेला वेग लांब नळीत मोजलेला असतो, आखूड नळीतून तीच गोळी मंद निघते, आणि किमान रेषा जवळ असल्यामुळे मोजून पाहावे लागते. शिवाय आता शिशाचा प्रश्न आला. शिशाची गोळी फुटून तिचे कण मांसात विखुरतात आणि ते मांस लोक खातात. मेलेल्या जनावराची आतडी डोंगरावर टाकली तर ती गरुडासारखे पक्षीही खातात. २०२५ साली ब्रिटिश सरकारने अशा गोळ्यांवर बंदी आणण्याचे जाहीर केले. म्हणून सगळे तांब्याकडे वळले आहेत. तांबे शिशापेक्षा हलके, तेवढ्याच वजनाची गोळी केली तर लांब होते आणि जुन्या नळ्यांत नीट फिरत नाही. वजनाची अट १०० वरून ८० वर आणली ती यासाठी.

"आणि शेवटचं?"

"सहा पॉइंट पाच बाय पंचावन्न. स्वीडनचं. १८९४ सालचं आहे."

मला जुन्या गोष्टींचे कौतुक असते हे ओळखूनच त्याने साल सांगितले असावे. स्वीडनचे लोक या काडतुसाने एल्क मारतात, आणि एल्क हे हरणांतले सर्वांत मोठे धूड. गोळी बारीक, लांब, सरळ शिरणारी. दणका मवाळ. मी विचारले, "झाडून पाहिलीस?" त्याने मित्राची उसनी घेऊन चाळीस झाडल्या होत्या. "मध्ये रिकाम्या पुंगळ्या घालायला सांगितल्या होत्या का?" सांगितल्या होत्या. बायकोला सांगितल्या होत्या, तिने सात घातल्या, आणि सातही वेळा नळी हलली नाही.

"मग मला कशाला विचारतोस?"

"आईला तुम्ही सांगायचं म्हणून."

संध्याकाळी ताईकडे गेलो. ती करंज्यांचे कातणे हुडकत कपाट उपसत बसली होती. जूनमध्ये करंज्या कशाला, तर नात येणार होती. मी सगळे सांगितले. चाळीस मिनिटेही सांगितली, ती मी आजवर तिच्यापासून लपवून ठेवली होती. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "नवीन गोळी केवढी असते?"

"एकशे वीस ग्रेन. म्हणजे बरोबर आठ मासे."

आतून तिची नात ओरडली. पोर आदल्या दिवशीच तिकडून आली होती. "आजी, आठ मासे कोणी आणले?"

ताईने तिला काही उत्तर दिले नाही. कातणे सापडले होते, ते पदराने पुसत ती मला म्हणाली, "त्याला सांग, जाताना त्या म्हाताऱ्याला बरोबर ने म्हणावं."